धावंड्याची गोधडी

प्रिय वहिनी,

पत्र लिहायची सवय आपल्या दोघींचीही केव्हाच मोडली होती. तू दिग्रसहून फोन करायचीस आणि मी तो कानाला लावून यवतमाळच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. नलू, आधी एका जागी बस, मग बोल, असं तू दरवेळी म्हणायचीस. आज बसलेय बघ, तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच पाटावर. पण हे बसणं काही खरं नाही. दर चार ओळींनी उठून मी पडवीत जाते, दादा पलंगावर आहे ना ते बघते आणि परत येते.

तुझ्या नवऱ्यानं आज दुपारी जे केलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्याचं डोकं फिरलेलं नाही, वहिनी. पण मला त्याची भीती वाटतेय, आणि ती मी कुणाच्या गळ्यात बांधू?

तू गेलीस आणि तेरवी आटोपली, तरी तुझ्या कपड्यांचं गाठोडं पडवीतच पडून होतं. दादानंच ते बांधलं, जुन्या पिवळ्या चादरीत. मला हात लावू दिला नाही. खोलीचं दार लोटून किती वेळ आत होता कोण जाणे. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगायची? माणूस गेलं की त्याच्या अंगावरचे, वापरातले कपडे बांधायचे, नदीत सोडायचे आणि मागे वळून न बघता घरी यायचं. मागे बघितलं तर गेलेला जीव अडकतो म्हणतात.

आणि अख्ख्या दिग्रसमध्ये त्या गाठोड्यांशी जिचा जन्माचा संबंध जुळला होता ती तू! मरणाआधी दवाखान्यात बिल्किस खालाला गोधडीच्या धाग्याचे रंग सांगत होतीस. कमलबाईला सांगितलंस की गोधडी लटकवायचा पुलावरचा खिळा ढिला झालाय, तो बघून घे. मला सांगितलंस की दादाला वांग्याच्या भाजीत तेल कमी घालत जा. सगळ्यांचं सगळं सांगितलंस. माझे कपडे नदीत टाका किंवा टाकू नका, एवढं एक वाक्य तुला सुचू नये? याचा राग मला अजून आहे. तुझ्यावर रागवायचं नाही तर कुणावर?

मला तो तुझा नदीवरचा पहिला उन्हाळा आठवतो. तू शाळेत चित्रकला शिकवायचीस. वर्गातल्या पोरांना तू धावंड्याच्या काठी नेलंस आणि म्हणालीस, नदी काढा. पोरांनी साड्या काढल्या. बाभळीला लोंबणाऱ्या साड्या, पुलाच्या खांबांना गुंडाळलेली धोतरं, गाळात रुतलेल्या वाकळी. पाणी एकाच्याही कागदावर नव्हतं. तू ती चित्रं घरी आणून या ओट्यावर मांडलीस. मी सुट्टीला आले होते. तू चहा गाळता गाळता थांबलीस आणि म्हणालीस, नलू, पोरं खोटं काढत नाहीत गं.

दुसऱ्याच दिवशी तू साडी खोचून पाण्यात उतरलीस. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. तुझी खुळं मला काय नवीन होती? पण तू ते कपडे ओढून काढलेस, शाळेच्या मागच्या अंगणात मोठ्या गंजात सोडा घालून उकळलेस, भिंतीवर वाळवलेस आणि बिल्किस खालाकडे घेऊन गेलीस. जुन्या मोटारस्टँडमागे आयुष्यभर गोधड्या शिवलेली बाई ती. तिला तू सांगितलंस, खाला, मला नदी शिवायची आहे. ती म्हणाली म्हणे, शिवू, पण लांबी किती?

लांबी अख्ख्या गावाएवढी झाली. प्रत्येक मोहल्ल्यानं आपल्या काठाची नदी शिवायची, असं तू ठरवलंस. विहाराजवळच्या बायांनी वरच्या अंगाचे खडक शिवले, जिनिंगकडच्यांनी पांढरा पुंजका पुंजका कापूस. तांड्यावरच्या एका आजीनं आरशाचे तुकडे लावून ऊन पडलेलं पाणी केलं. फक्त नदीत येणारा गटाराचा नाला शिवायला कुणी तयार होईना. या वॉर्डाच्या बाया म्हणायच्या तो त्यांचा, त्या वॉर्डाच्या म्हणायच्या तो यांचा. पार भांडण पेटलं. शेवटी तू तुझा काळा परकर आणलास आणि आपल्या घरासमोर तो पट्टा टाकून म्हणालीस, नाला आमच्या घरचा. त्यावर एकेकीनं कबूल केलं की थोडा आमचाही आहे.

मला तुम्ही कधी सुई दिली नाहीत. मी धड बसतच नाही म्हणून माझं काम पाण्यात उभं राहून कपडे ओढायचं, नाहीतर चहा न्यायचं. तेही मी बडबडत करायचे.

आणि कमलबाईचं ते प्रकरण! पहिल्या वर्षी गोधडी पुलाच्या कठड्यावर लटकवली, अख्खं गाव बघायला आलं, आणि भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली कमलबाई मधोमध थबकली. तिच्या सासूचं जांभळं लुगडं त्या गोधडीत होतं, डोहाच्या जागी. तिनंच ते वर्षापूर्वी नदीत सोडलं होतं. सगळ्या पुलाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "जित्तेपनी हिनं माहा पिच्छा सोडला नाही, आन् आता पुलावर येऊन बसली!"

लोक हसले. तू हसली नाहीस. तू तिचा हात धरलास आणि चूक कबूल केलीस, की विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ते लुगडं उसवून देते म्हणालीस. कमलबाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, उसवू नको, पण टाके नीट घाल, तिले गबाळं आवडत नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून ती शिवायला येऊन बसली ती बसलीच.

तेव्हापासून तुमची पद्धत ठरली. काढलेले कपडे धुऊन आधी घाटावर मांडायचे. ज्यानं ओळखले त्याला विचारायचं. तो हो म्हणाला तर पहिली कात्री त्या घरच्या माणसानं लावायची. आणि दारात येऊन कुणी कपडे दिले तर घ्यायचे नाहीत. ज्याला सोडायचे त्यानं रीतीप्रमाणे नदीत सोडावे. नदीनं जे ठेवून घेतलं नाही तेवढंच आपलं. तू कुणालाही अडवलं नाहीस. मला ते पटायचं नाही. मी म्हणायचे, अगं, टाकूच नका म्हणून सांग ना लोकांना! तू म्हणायचीस, रडणाऱ्या माणसाला मी काय शहाणपण शिकवू?

दादाला यातलं काहीच आवडलं नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मेलेल्यांचे कपडे आणणारी मास्तरीण, असं बाजारात कुणीतरी त्याला ऐकवलं होतं. त्यानं तुला थांबवलं नाही, पण उंबऱ्याच्या आत चिंधी येऊ दिली नाही. गोधडी लटकलेली असायची तेव्हा तो पुलावरून जायचासुद्धा नाही. दुकानाला जायला गावाला वळसा घालायचा, भर उन्हात. पुढे पुढे वर्षभर तोच रस्ता त्याच्या पायात बसला. मी त्याला चिडवायचे, दादा, नदी तुला चावते का? तू मला डोळ्यानं दटावायचीस. जेवताना मात्र रोज नदीचं बोलायचीस, आणि तो ताटात बघून हूं हूं करायचा.

आता तो हूं पण करत नाही. दोन घास खातो आणि उठतो. दुकान उघडतो आणि आत जाऊन पाठमोरा बसतो. परवा एक गिऱ्हाईक नळाची तोटी मागून मागून निघून गेलं. तुम्हाला मूलबाळ नाही, जी काही आहे ती मी. म्हणून मी इथेच राहिलेय. पण मी काय करते? भांडी घासते, घासलेली परत घासते, अंगणात फेऱ्या मारते. तू असतीस तर कसं बोलतं केलं असतंस त्याला?

काल तो म्हणाला, गाठोडं उद्या सोडून येतो. माझा तोल गेला. म्हटलं, तुला काही वाटतं का? जिनं जन्मभर नदीतून कपडे काढले, तिचेच तू नदीत टाकणार? सरळ खालाकडे दे. खूप बोलले मी, वहिनी. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तिनं कोनाले अडवलं का? मंग मले काहून अडवून राह्यली तू?"

मी चप्पल घातली आणि तडक खालाकडे गेले. मला वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. तिनं सुईत धागा ओवला आणि म्हणाली, त्यांना सोडू दे, आपण खालच्या वळणावर उभ्या राहू. दारातून आपण घेत नाही. मास्तरीणबाईंसाठी कायदा बदलायचा का?

म्हणून आज दुपारी आम्ही तिघी, खाला, कमलबाई आणि मी, वळणावर पाण्यात उभ्या होतो. पाणी कसलं, वैशाखातलं पाणी ते, घोट्यापर्यंत आणि काळं. ऊन डोक्यावर आग ओकत होतं. दादा गाठोडं घेऊन वरच्या घाटाकडे जाताना कमलबाईनं बघितला होता. आता येईल, मग येईल, म्हणून आम्ही बघत होतो. एक प्लास्टिकची बादली आली. निर्माल्याच्या हारांचा गोळा आला. गाठोडं येईना. कमलबाई म्हणाली, बाई कामाची होती, वाटेत थांबली असन कुठं. आम्ही हसलो आणि लगेच तिघींच्याही डोळ्यात पाणी आलं.

मला कुठे धीर आहे! दादालाच काही झालं नाही ना, हे मनात आलं आणि मी निघाले. काठाकाठानं, काट्याकुट्यातून, ओल्या पायांनी. या वयात मी पळाले, वहिनी.

दादा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, हातात एक वाळकी काठी. आणि तुझं गाठोडं त्याच्या पुढ्यातच होतं. खालून भिजलेलं, वरून कोरडं. हललं नव्हतं.

त्यानं रीतीप्रमाणे सोडलं होतं आणि न बघता वर रस्त्यापर्यंत आला होता. तिथे त्याला राहवलं नाही, त्यानं वळून बघितलं. गाठोडं तिथेच. परत आला, काठीनं ढकललं, परत निघाला, परत वळून बघितलं. असं किती वेळा केलं त्यालाच माहीत. चेहरा उन्हानं लाल झाला होता. मला बघून तो दचकलासुद्धा नाही.

"जाऊनच नाही राह्यलं, नले," तो म्हणाला. मग पाण्याकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "नदीले पानी कवापासून नाही?"

तू वर्षानुवर्षं याच माणसाच्या ताटासमोर बसून हेच सांगत होतीस ना? मला तुझी कीव आली आणि त्याचीही आली. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आयुष्यात मी इतका वेळ एका जागी बसलेली तू कधी पाहिली नाहीस.

थोड्या वेळानं खाला आणि कमलबाई हुडकत आल्या. खालानं एकदा गाठोड्याकडे बघितलं, एकदा दादाकडे. पदर सावरला आणि म्हणाली, "नदीनं नाही घेतलं ना, भाईजान? मंग आता ते आमचं आहे."

दादा उठला. मला वाटलं, आता काठी फेकून घरी निघून जाईल. त्यानं खाली वाकून ते गाठोडं उचललं, छातीशी धरलं आणि चालू लागला. आम्हाला कुणाला देईना. आणि गेला कुठून सांगू? पुलावरून, मेन रोडनं, बाजाराच्या मधून! अंगावर काळं पाणी ठिबकतंय, दुकानात लोक उठून उभे राहतायत, आणि तो सरळ समोर बघत शाळेच्या अंगणात. ज्या माणसानं लोक बोलतात म्हणून गावाला वळसा घातला, तो! तू हे बघायला हवं होतंस. मी त्याच्या मागून येत होते आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. वाटलं, सुटलं एकदाचं. आता माणूस जेवेल.

मग अंगणात खालानं गाठ सोडली.

एकेक साडी ती काढत होती आणि गंजात टाकत होती. तुझी शाळेची खादीची, नेरला लग्नात नेसलेली हिरवी, ती फिक्या गुलाबी काठाची. दोन साड्यांच्या मधून एक शर्ट निघाला. बाह्या नीट दुमडलेल्या. निळ्या चौकटीचा, दादाचा. मी ओळखला, कारण त्याची दुसरी गुंडी तू लाल धाग्यानं लावलेली आहेस, निळा संपला होता म्हणून.

आम्हाला वाटलं, चुकून आला. खालानं तो झटकून बाजूला ठेवला आणि त्याला समजावलं, की भाईजान, हा तुमचा आहे, जित्या माणसाचा कपडा गाठोड्यात घालत नसतात, अपशकुन असतो.

"ठाऊक आहे मले," दादा म्हणाला. "तिच्या संगं राहू द्या."

एवढंच बोलला आणि बाहेर जाऊन शाळेच्या ओट्यावर बसला.

गंजातलं पाणी उकळत होतं. कमलबाई लाकूड मागे ओढायचं विसरली. वहिनी, त्या माणसानं दार लोटून, नीट घड्या घालून, स्वतःला तुझ्याबरोबर बांधलं होतं. नदीला पाणी असतं तर तो शर्ट गेला असता आणि आम्हाला कळलंही नसतं! हे मनात आलं की मी उठून पडवीत जाते. आत्तासुद्धा उठतेय. थांब, बघून येते.

आहे. झोपलाय, किंवा डोळे मिटून पडलाय.

साड्या वाळल्यावर खालानं कात्री आणली. घरच्या माणसाचा मान म्हणून तिनं ती दादाच्या हातात दिली. त्यानं ती धरली, बघितली आणि माझ्यापुढे केली. मी पण मागे सरकले, उद्या म्हणाले. खालानं कात्री परत घेतली. पण निघताना मी तो शर्ट उचलून पिशवीत घातला. धुते म्हटलं. दादानं बघितलं. नको म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही.

आता ऐक. उद्या सकाळी तुझ्या साडीला पहिली कात्री मी लावणार. गुलाबी काठाचीच घेणार, मला ती सगळ्यात जास्त आवडायची म्हणून. काठाला छेद देऊन फाडताना तो आवाज होईल तेव्हा मी डोळे मिटणार नाही. तू आता पुलावर लटकणार, गावातल्या सगळ्यांच्या सासवा-आयांच्या शेजारी, आणि ते तुला शोभून दिसेल.

शर्ट मात्र मी देणार नाही. तो मी धुऊन पडवीत दोरीवर टाकलाय. सकाळी इस्त्री करीन आणि दादाच्या अंगात घालीन, तो ओरडला तरी, तू रागावलीस तरी. तो घालून तो खालाच्या समोर बसेल आणि सुईत धागा ओवून देईल. त्याला नाही जमलं तर परवा परत बसवीन, तेरवा परत. माझं यवतमाळचं घर बंदच राहू दे. तू दादाची वाट बघू नकोस, वहिनी. त्याला मी एवढ्यात येऊ देणार नाही.

तुझी,
नलू